कलमाचं खरं वय ठरतं कुठे? शाखीय अभिवृद्धीच्या पद्धती आणि झाडाची बाल्यावस्था

आंब्याची कोय रुजून जेमतेम दोन आठवडे झालेल्या रोपावर फळत्या झाडाची काडी बांधली, की पुढच्याच हंगामात त्या वीतभर कलमाला पिशवीतच मोहोर येऊ शकतो. त्याच दिवशी रुजलेलं, पण कलम न केलेलं शेजारचं रोप मात्र पाच-सात वर्षं नुसतं वाढत राहतं. दोघांची मुळं एकाच वयाची आणि माती-पाणीही तेच असतं. फरक फक्त काडीचा. ती प्रौढ झाडावरून आली आणि येताना आपलं प्रौढपण सोबत घेऊन आली.

कलमं करताना आपण जात बघतो, रोग बघतो, काडीची जाडी बघतो. पण काडी झाडाच्या कोणत्या भागातली आहे याकडे फारसं लक्ष जात नाही. नंतर छाटाला (मुळं फुटावीत म्हणून लावलेल्या फांदीच्या तुकड्याला) मुळं न फुटणं, कलम उशिरा फळणं, रोप आडवंच वाढणं, लिंबाला भलतेच काटे येणं अशा तक्रारी निघतात. त्यांतल्या पुष्कळ तिथेच सुरू झालेल्या असतात.

बाल्यावस्था म्हणजे नेमकं काय

बी रुजल्यापासून झाडात फुलण्याची क्षमता येईपर्यंतचा काळ म्हणजे बाल्यावस्था. या काळात खत, पाण्याचा ताण, योग्य हंगाम असं सगळं जुळवून आणलं तरी सहसा फूल येत नाही. प्रौढ झाडही दाट सावलीत किंवा जास्त नत्रामुळे फुलायचं थांबतं, पण ती अडचण दूर केली की फुलतं. या दोन गोष्टींची गल्लत करू नये. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

बियांपासून वाढवल्यावर द्राक्षवेल साधारण १ वर्षात, सफरचंद ४ ते ८, लिंबूवर्गीय झाडं ५ ते ८, नाशपाती ६ ते १०, ओक २५ ते ३० आणि बीच ३० ते ४० वर्षांत फुलू लागतो.

फुलांची वाट न पाहताही अवस्था ओळखता येते. लिंबूवर्गीय रोपाला लांब, टणक काटे असतात आणि वरच्या प्रौढ फांद्यांवर ते आखूड होत जातात किंवा नाहीसे होतात. निलगिरीच्या अनेक जातींत कोवळी पानं समोरासमोर, देठाविना आणि पांढुरक्या मेणट थराची असतात, तर प्रौढ पानं एकाआड एक, देठाची आणि विळ्यासारखी लांब. काही ऑस्ट्रेलियन बाभळींना आधी बारीक दलांची संयुक्त पानं येतात आणि पुढे फक्त चपटे देठच पानाचं काम करतात. आयव्हीची वेल तर दोन वेगळ्या वनस्पती वाटाव्यात इतकी बदलते: कोवळी वेल खाचांच्या पानांची आणि भिंतीला चिकटणारी, प्रौढ फांदी साध्या पानांची, उभी आणि फुलणारी. बीच आणि ओकच्या खालच्या भागातल्या फांद्या हिवाळ्यातही वाळलेली पानं धरून ठेवतात, वरच्या सोडून देतात.

रोपवाटिकेच्या दृष्टीने सर्वांत कामाची खूण मात्र मुळांची आहे. बाल्यावस्थेतल्या फुटव्याला मुळं सहज येतात आणि प्रौढत्व येईल तशी ती क्षमता घटते. अनेक झाडांत ती फुलणं सुरू होण्याच्याही आधी घटू लागते.

आत काय घडतं याचाही बराच उलगडा झाला आहे. कोवळ्या रोपात मायक्रो-आरएनए १५६ नावाचा लहानसा रेणू भरपूर असतो आणि तो प्रौढत्व आणणाऱ्या जनुकांना दाबून ठेवतो. शेंडा वाढत जातो तसं त्याचं प्रमाण उतरतं आणि मायक्रो-आरएनए १७२ चं वाढतं. म्हणून वय मोजायचं ते शेंड्याने केलेल्या वाढीवर; नुसत्या सरलेल्या वर्षांनी ते कळत नाही.

एकाच झाडात दोन वयं

इथून पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे. झाडाचा बुंधा सर्वांत जुना, कारण तो पहिल्या वर्षीच तयार झाला. पण त्याच्या सालीखाली झोपलेले डोळे रोप लहान असताना घडले आणि तसेच राहिले, म्हणून वाढीच्या हिशेबाने तोच भाग सर्वांत कोवळा. उलट शेंड्यावरची पालवी कालपरवाची असली तरी तिच्यामागे संपूर्ण झाडाची वाढ उभी आहे. ती सर्वांत प्रौढ. बुंध्यापाशी रुंद आणि वर निमुळता होत जाणारा एक शंकू झाडाच्या मधोमध कल्पावा: त्याच्या आतला भाग कोवळा, बाहेरचा घेर आणि शेंडा प्रौढ.

यातून जोम आणि बाल्यावस्था यांतला फरकही कळतो. जुन्या आंब्याच्या वरच्या फांद्या छाटल्या की हिरवेगार, लांबलचक फुटवे येतात, पण दोन-तीन वर्षांत ते मोहोरतात, कारण ते प्रौढ लाकडातून निघालेले असतात. त्यांना फक्त जोम मिळाला. बुंध्याजवळ तोडलेल्या बियांच्या झाडाचे फुटवे मात्र खरोखर रोपासारखे वागतात: कोवळी पानं, काटे, सहज येणारी मुळं आणि उशिरा येणारी फुलं.

कोणती पद्धत वय टिकवते, कोणती मागे नेते

कलम बांधणं आणि डोळा भरणं या पद्धती काडीचं वय जसंच्या तसं पुढे नेतात. खुंट, म्हणजे ज्या रोपावर काडी बांधतात ते, कितीही कोवळा असला तरी एकदा कलम केल्याने काडी बाल्यावस्थेत परतत नाही. फळझाडांची सगळी कलमशेती यावरच चालते. सफरचंदाच्या एम ९ सारख्या बुटक्या खुंटावर फळं लवकर येतात हे खरं, पण तो खुंट झाडाची वाढ आवरून फळधारणा अलीकडे आणतो. काडीच बियांच्या रोपाची असेल, तर ती आधी तिची बाल्यावस्था पार करणार. म्हणूनच बियांच्या कोवळ्या रोपाची काडी जुन्या फळत्या झाडावर बांधली तरी पुढच्या हंगामात फळ मिळत नाही. जोरकस वाढीमुळे काही काळ वाचतो, एवढंच.

गुटी (झाडावरच्याच फांदीची साल गोल काढून तिथे मुळं आणणं) आणि साधी दाब कलमंही (फांदी वाकवून मातीत दाबणं) वय टिकवतात. त्यांचा फायदा असा, की मुळं फुटेपर्यंत फांदी झाडालाच जोडलेली असल्याने तिला पाणी मिळत राहतं. जी प्रौढ फांदी छाट म्हणून लावली तर मुळं येण्याआधी सुकेल, ती गुटीत तग धरते. लिची, पेरू, लिंबू यांत मुळं फुटलेली आणि तरी लवकर फळणारी रोपं हवी असतील, तर गुटीसारखा सरळ मार्ग नाही.

छाट कलमातही वय टिकतंच, पण इथे पेच पडतो: प्रौढ छाट लवकर फळेल, पण त्याला मुळं येणं अवघड, कोवळ्या छाटाला मुळं सहज येतील, पण त्याची फळं उशिरा.

ढीग दाबाची गोष्ट वेगळी. मातृरोप दरवर्षी जमिनीलगत कापतात, फुटवे येतील तशी त्यांच्या बुडाशी माती चढवतात आणि मुळं आली की फुटवे तोडून घेतात. वारंवार बुडातून कापल्याने ते रोप प्रौढ होण्याची वाटच तुटते. खुंटांच्या उत्पादनाला ही पद्धत इतकी मानवते ती यामुळेच.

मुळांच्या तुकड्यांतून किंवा मूळफुटव्यांतून आलेली रोपं बहुधा कोवळी वागतात, कारण मुळावरचा डोळा नव्याने घडतो. पण कलमी झाडाचा मूळफुटवा म्हणजे खुंट. त्यापासून कितीही रोपं केली तरी वरची जात मिळणार नाही.

बियांतून येणाऱ्या मातृसम रोपांमुळे पुष्कळजण गोंधळतात. बऱ्याच लिंबूवर्गीय झाडांत आणि बहुभ्रूणी (एका कोयीतून अनेक रोपं देणाऱ्या) आंब्यांत बीजांडातल्या आईच्याच पेशींतून गर्भ तयार होतात. जनुकांच्या दृष्टीने ती हुबेहूब आईची नक्कल असते. तरीही हे रोप पूर्ण बाल्यावस्थेत जातं: काटेरी, उभट, जोमदार आणि उशिरा फळणारं. गर्भावस्थेतून जाणं म्हणजे वयाची पाटी पूर्ण कोरी होणं. मंगोस्टीन बियांतून आईसारखंच येतं, पण फळाला आठ-दहा वर्षं किंवा त्याहून अधिक लावतं, त्याचंही कारण हेच.

ऊतिसंवर्धन, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यांपासून रोपं वाढवणं, मधे कुठेतरी येतं. शेंड्याचे तुकडे पुन्हापुन्हा नव्या माध्यमात हलवत गेल्यास अनेक झाडांत मुळं फुटण्याची क्षमता परत येते, पानंही काही अंशी कोवळी होतात. फळझाडांत मात्र हाच परिणाम अडचणीचा ठरू शकतो, कारण अशी रोपं कलमांपेक्षा उशिरा फळू शकतात.

फळासाठी: प्रौढ काडी निवडून कलम

काडी नेहमी सलग दोन-तीन हंगाम फळलेल्या झाडाची, बाहेरच्या घेरातली, उन्हातली घ्यावी. बुंध्यावरचे किंवा खोडातून सरळ वर धावणारे पाणफुटवे घेऊ नयेत. ते जाड आणि तजेलदार दिसतात म्हणून हात तिकडेच जातो, पण त्यांच्यात काटे, उभट वाढ आणि उशिरा फळण्याचा दोष असण्याची शक्यता सर्वांत जास्त. लिंबूवर्गीयांत कसोटी सोपी आहे: काडीवर लांब काटे असतील तर ती टाकून द्यावी.

आंब्याच्या कोय कलमाची कृती अशी:

१. ३ ते ४ महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, न फुललेली शेंड्याची काडी निवडा. कापण्याआधी ७ ते १० दिवस तिची पानं देठ ठेवून छाटा. डोळे फुगतात आणि देठ आपोआप गळतात.

२. १० ते १५ सेंमी लांब काडी सकाळी काढा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. शक्यतो त्याच दिवशी वापरा.

३. खुंट १० ते १५ दिवसांचा, तांबूस खोडाचा असावा. खोड हिरवं आणि टणक झालं की जोड लागण्याचं प्रमाण घसरतं. कोयीपासून ८ ते १० सेंमीवर तो कापा आणि मधोमध ४ सेंमी चीर द्या.

४. काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीची पाचर करा. प्रत्येक बाजू एकाच सरळ कापात व्हावी. पातं दोनदा फिरलं तर पृष्ठभागावर उंचवटा राहतो आणि मधे पोकळी पडते.

५. पाचर चिरेत बसवा. जाडी जुळत नसेल तर निदान एका बाजूची साल सालीला भिडली पाहिजे. २ सेंमी रुंद प्लॅस्टिक पट्टीने खालून वर घट्ट बांधा आणि वर अरुंद पिशवीची टोपी चढवा.

६. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात. मग टोपी काढा. पट्टी जोड भरल्यावर, साधारण दोन-तीन महिन्यांनी सोडा. विसरलात तर ती खोडाला काचते.

पिशवीतल्या कलमाला मोहोर आला तर खुडून टाका, आणि लावणीनंतरही पहिली तीन वर्षं तेच करा. शेंडा प्रौढ असला तरी मुळं आणि सांगाडा तान्हाच आहे. ती फळं ठेवली तर झाड खुरटतं.

गुटीसाठी उन्हातली, पेन्सिलीएवढी किंवा किंचित जाड फांदी घ्या. २ ते ३ सेंमी रुंदीची साल गोल काढा आणि उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर पुसून खरवडून टाका. तो थर राहिला की साल पुन्हा जुळते आणि महिनाभराने पिशवी उघडल्यावर मुळांऐवजी भरलेली जखम दिसते. वरच्या कापाच्या कडेला ३००० ते ५००० पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग) आयबीए, म्हणजे मुळं फुटवणारं संजीवक, लावा, भिजवून पिळलेलं शेवाळ मूठभर गुंडाळा आणि प्लॅस्टिकने दोन्ही टोकं घट्ट बांधा. मुळं दिसायला ४ ते ८ आठवडे लागतात. ती पांढऱ्यावरून तपकिरी होऊ लागली की फांदी आधी अर्धी कापा, आठवड्याने पूर्ण वेगळी करा, निम्मी पानं काढून सावलीत ठेवा.

मुळांसाठी: जुन्या झाडाला बाल्यावस्थेकडे परत नेणं

लाकडासाठी निवडलेल्या वृक्षांत अडचण वेगळीच असते. झाड उत्तम आहे हे ते मोठं झाल्यावर कळतं आणि तोवर त्याच्या फांद्यांना मुळं येणं बंद झालेलं असतं. निलगिरी, साग आणि अनेक सूचिपर्णी झाडांत हा प्रश्न येतो. यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय बुंध्याकडे परत जाणं.

आधी झाड बियांचं किंवा स्वतःच्या मुळांवरचं असल्याची खात्री करा. मग नवी पालवी सुरू होण्याच्या थोडं आधी, जमिनीपासून १५ ते ३० सेंमीवर करवतीने तिरका काप घ्या म्हणजे पाणी साचणार नाही, आणि साल फाटू देऊ नका. खूप वर कापलं तर फुटवे प्रौढ भागातून येतील. अगदी जमिनीलगत कापलं तर बरेच सुप्त डोळे कापल्या भागासोबत जातील. फुटवे १५ ते २५ सेंमी झाले, बुडाशी किंचित टणक पण वर अजून हिरवे असले, की काढायला तयार समजा. साधारण ६ ते १० आठवडे लागतात. सर्वांत खालचे आधी घ्या.

झाड तोडायचं नसेल तर खालच्या फांद्यांचे ४ ते १० सेंमी जाड, ४० ते ६० सेंमी लांब ओंडके सावलीत ओल्या जाड वाळूत अर्धे पुरून ठेवा आणि वरून फवारा देत राहा. त्यांवर फुटवे येतात. बुडाच्या फुटव्यांइतके ते कोवळे नसतात, पण शेंड्यापेक्षा पुष्कळ बरे.

द्रावणासाठी ३०० मिलिग्रॅम आयबीए आधी ५० मिली अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवा आणि मग पाणी घालून १०० मिली करा. हे झालं ३००० पीपीएम. आयबीए थेट पाण्यात टाकलं तर ते तळाशी बसतं आणि छाटाला प्रत्यक्षात फारच थोडं मिळतं. कोवळ्या फुटव्यांना ५०० ते १५००, अर्धपक्व छाटांना १००० ते ३००० पीपीएम पुरतं. त्याहून जास्त दिलं की बूड काळं पडतं किंवा नुसती गाठ वाढते आणि मुळं येतच नाहीत. लागेल तेवढंच द्रावण वेगळ्या भांड्यात ओता, उरलेलं बाटलीत परत टाकू नका. बाटली अंधारात, फ्रिजमध्ये ठेवा.

छाट ८ ते १२ सेंमीचा, दोन-तीन पेऱ्यांचा घ्या. खालचा काप पेऱ्याच्या लगेच खाली द्या, मोठी पानं निम्मी कापा. पानं पूर्ण काढू नयेत. कोवळ्या छाटाला मुळांसाठी लागणारं अन्न तीच पुरवतात. बुडाचा १ ते १.५ सेंमी भाग ५ सेकंद द्रावणात बुडवा, अल्कोहोल उडू द्या, आणि जाड वाळू व कोकोपीट समप्रमाणात घेऊन त्यात ३ सेंमी खोल लावा. हवेत ८५ ते ९५ टक्के आर्द्रता, निम्म्याहून थोडी जास्त सावली आणि माध्यमाचं तापमान २४ ते २८ अंश सेल्सियस ठेवा. पानं ओली, पण माध्यम निथळतं हवं. मुळं ३ ते ६ आठवड्यांत येतात. त्यानंतर दोन आठवडे फवारा हळूहळू कमी करा. इथे घाई केली तर मुळं फुटलेली रोपंही एका दुपारीत कोमेजतात.

काम इथे थांबवलं तर दोन-तीन वर्षांत ही रोपं पुन्हा प्रौढ होऊ लागतील. म्हणून मुळं आलेल्या पहिल्या रोपांची बुटकी कुंपणओळ करा. २० ते ३० सेंमीवर छाटत राहा आणि पुढचे छाट त्यांच्याच फुटव्यांतून घ्या. दर फेरीत मुळं येण्याचं प्रमाण सुधारत जातं. ओळ वर चढू दिली किंवा एखादा हंगाम न छाटता सोडला, की मिळवलेलं निसटतं.

दुसरा मार्ग म्हणजे प्रौढ काडी बियांच्या कोवळ्या रोपावर बांधायची, तिचा नवा शेंडा काढून पुन्हा दुसऱ्या कोवळ्या रोपावर बांधायचा, असं सलग करत जायचं. निलगिरीत अशा सहा फेऱ्यांनंतर मुळं फुटण्याची क्षमता परत आल्याचं दिसलं आहे. इथे एक चूक सर्वांत महागात पडते. खुंटाचा फुटवा वाढतो, काडी मरते, आणि तो कोवळ्या पानांचा फुटवा पाहून काडीच परत कोवळी झाली असं वाटतं. जोडाखालचे फुटवे दर आठवड्याला काढा आणि जोडावर रंगाची खूण ठेवा.

फुटव्याचं बूड काळ्या पट्टीने दोन आठवडे झाकल्यासही मुळं सुधारतात. पण त्याने वय बदलत नाही. सालीचा तेवढाच भाग मऊ राहतो.

आडवी वाढणारी रोपं

मुळं आली, रोप जगलं, पण ते वेलीसारखं एका बाजूला पसरतंय, असंही होतं. फांदी झाडावर ज्या जागी होती त्या जागेची सवय ती सोडत नाही. नॉरफोक पाइनच्या बाजूच्या फांदीचा छाट वर्षानुवर्षं आडवाच वाढतो. उभं झाड हवं तर उभ्या शेंड्याचाच छाट लागतो. कॉफीत उभ्या फुटव्याच्या छाटातूनच उभं रोप मिळतं. कोकोत पंखासारख्या फांदीचा छाट झुडूप बनतो, बुंध्यावरच्या उभ्या फुटव्याचा छाट बियांच्या रोपासारखा चढतो. मिरीत मात्र या सवयीचा उपयोग करून घेतात: फळणाऱ्या आडव्या फांद्यांच्या छाटापासून कुंडीतली झुडूप मिरी होते आणि ती लवकर धरते.

काही झाडांत काठी बांधून आधार दिला की ही सवय एक-दोन वर्षांत सुटते. नॉरफोक पाइन आणि कॉफी यांत सुटत नाही. तिथे काठीवर वेळ घालवू नये.

बियांच्या रोपाची बाल्यावस्था लवकर संपवायची असेल तर

नव्या जाती तपासणाऱ्यांना हे हवं असतं. पहिली काही वर्षं रोप न थांबता, न छाटता वाढू द्यावं. छाटणीने नेमका पुढे गेलेला शेंडाच जातो आणि झाडाला मागच्या कोवळ्या भागातून पुन्हा सुरुवात करावी लागते. पुरेशी उंची आल्यावर सर्वांत वरच्या काड्या काढून बुटक्या खुंटावर बांधाव्यात. पाण्याचा ताण, फांदी वाकवणं आणि साल रिंगणं (सालीचा गोल पट्टा काढणं) यांचा उपयोग त्यानंतरच. बाल्यावस्थेतल्या रोपाला ताण दिला तर शेंडा थांबतो आणि बाल्यावस्था उलट लांबते.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक तुकडीच्या चिठ्ठीवर जात आणि तारीख असतेच. त्यासोबत काडी झाडाच्या किती उंचीवरून घेतली, ती आतली की बाहेरची, आणि मातृरोपाची आजवर कितवी छाटणी होती हेही लिहा. नव्या झाडाबाबत शंका असेल तर बुंधा, मधला भाग आणि शेंडा यांतून ३०-३० छाट एकाच दिवशी, एकाच द्रावणात लावा. मुळं आलेले छाट तिन्ही ठिकाणी मोजले की त्या झाडात कोवळा भाग कुठवर आहे ते कळतं. कुंपणओळीतल्या छाटांचं मुळं येण्याचं प्रमाण सलग दोन फेऱ्यांत, काळजी तशीच असताना, घसरलं तर ती ओळ काढून तिच्याच सर्वांत खालच्या फुटव्यांपासून नवी लावा.